कावेरीचे पाट आणि रक्ताचा दाब

(हीरक महोत्सवी वर्षात माजी विद्यार्थी व पालक यांची तंजावर-कुंभकोणम सहल निघाली होती. त्या वेळी पापनाशम येथे सहलीतील मंडळी आणि स्थानिक मराठी कुटुंबे यांच्यापुढे मुख्याध्यापिकांनी दिलेले व्याख्यान.)



तंजावरच्या भूमीवर उभे राहून शाळेच्या मुख्याध्यापिकेने बोलायचे म्हणजे व्यंकोजीराजे, सरफोजीराजे आणि सरस्वती महाल यांविषयी बोलायचे, अशी आपली अपेक्षा असणार. सरफोजीराजांकडे मी शेवटी येणारच आहे. परंतु आजचा विषय आहे रक्तदाब. त्याचे कारण साधे आहे. आपल्या शाळेच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी आज सत्तरीच्या घरात आहेत. आज वर्गात बसणाऱ्या मुलांचे आईवडील चाळिशीच्या उंबरठ्यावर आहेत. रक्तदाब ज्यांना गाठतो आणि गाठल्याचे कळू देत नाही, अशा वयाची माणसे एकत्र जमण्याचा योग शाळेच्या महोत्सवाइतका क्वचितच येतो.

मी वैद्य नव्हे. माझा विषय भाषा. म्हणून आरंभ शब्दापासूनच करते. या गावात रक्तदाबाला ‘प्रेशर’ म्हणतात, आपण ‘बीपी’ म्हणतो, आणि डॉक्टरांच्या कागदावर ‘हायपरटेन्शन’ असे लिहिलेले असते. या तिसऱ्या शब्दाने फार घोटाळा केला आहे. त्यातले ‘टेन्शन’ तेवढे आपण उचलले आणि त्याचा अर्थ काळजी असा लावला. मग ज्याची मुले मार्गी लागली, घर बांधून झाले, तो गृहस्थ म्हणतो, “मला कसले टेन्शनच नाही, मग बीपी कुठून असेल?” वास्तविक त्या शब्दातला ताण मनाचा नाही, धमनीच्या भिंतीवरचा आहे. चिंतेने दाब तात्पुरता चढतो हे खरे. पण अत्यंत समाधानी, शांत, हसतमुख माणसाचा दाबही वर्षानुवर्षे चढलेला असू शकतो. आपला ‘रक्तदाब’ हा शब्द त्या मानाने प्रामाणिक आहे. रक्ताने वाहिनीच्या भिंतीवर दिलेला दाब, एवढेच तो सांगतो.

हा दाब लागतो कशाला? उत्तरासाठी आपल्याला लांब जायला नको. मेट्टूरच्या धरणातून कावेरीचे पाणी सुटले की ते कल्लणैला येते. चोळराजा करिकालाच्या नावाने ओळखला जाणारा हा प्राचीन बंधारा. तेथे पाण्याची वाटणी होते. काही पाणी कावेरीत, काही वेण्णारमध्ये, काही कालव्यात. आणि पूर आला की जादा पाणी कोळ्ळिडममध्ये सोडून देतात. पुढे नदीचे फाटे, फाट्यांचे पाट, पाटांच्या चाऱ्या, आणि चारीच्या तोंडाशी दारे धरून उभा असलेला शेतकरी. वरच्या बाजूला पाण्याचा जोर नसेल तर टोकाच्या वाफ्यापर्यंत थेंब पोचत नाही. जोर अति झाला तर बांध फुटतात.

शरीरातही हेच आहे. हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. दिवसाचा हिशेब केला तर सात हजार लिटरांच्या वर जातो. मोठ्या धमनीला फाटे फुटत फुटत शेवटी केसाहून बारीक केशवाहिन्या होतात. त्यांच्या अलीकडे ज्या सूक्ष्म धमन्या असतात, त्यांच्या भिंतीत स्नायू असतात. हे स्नायू आवळले की वाट अरुंद होते, सैल पडले की रुंद होते. हीच शरीरातली दारे. जेवण झाल्यावर आतड्यांकडची दारे उघडतात, धावताना पायांच्या स्नायूंकडची. हृदय किती रक्त ढकलते आणि ही दारे किती आवळलेली आहेत, या दोहोंवर दाब ठरतो. कावेरीचे पाणी समुद्राला मिळते आणि रक्त फिरून हृदयाकडे येते, एवढा फरक ध्यानात ठेवला तर ही उपमा पुष्कळ दूरवर चालते.

आता या दाबावर लक्ष कोण ठेवते ते पाहू. पहिला पहारेकरी मानेत बसलेला आहे. मेंदूकडे जाणारी धमनी जेथे दुभंगते तेथे, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत, ताण ओळखणारे मज्जातंतूंचे शेवट असतात. आपण मांडी घालून पंगतीत बसलो आहोत आणि एकदम उठून उभे राहिलो, तर अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते. वरचा दाब घसरतो. मानेतला पहारेकरी तत्क्षणी मेंदूच्या तळाशी वर्दी देतो. तेथून हुकूम सुटतो. हृदयाचे ठोके वाढतात, दारे आवळली जातात आणि काही सेकंदांत दाब जागेवर येतो. वृद्धपणी किंवा काही औषधांमुळे ही वर्दी उशिरा पोचली तर उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून ज्येष्ठांनी अंथरुणातून उठताना क्षणभर काठावर बसावे आणि मग उभे राहावे.

दुसरा कारभारी मूत्रपिंड. त्याचे काम सेकंदांचे नाही. मिनिटांचे, तासांचे आणि दिवसांचे आहे. दाब कमी झाला असे त्याला वाटले की तो रेनिन नावाचे द्रव्य रक्तात सोडतो. त्यातून पुढे अँजिओटेन्सिन तयार होते. ते दारे आवळते, आणि अल्डोस्टेरॉन या संप्रेरकाला बोलावून मीठ व पाणी राखून ठेवायला लावते. उलट दाब वाढला की मूत्रपिंडे जास्त मीठ-पाणी बाहेर टाकतात. कोळ्ळिडममध्ये जादा पाणी सोडण्यासारखेच हे काम आहे. दाबाचा अखेरचा ताळेबंद मूत्रपिंडाच्या वहीत जुळतो. ताटातल्या मिठाचा आणि धमनीतल्या दाबाचा संबंध येथे आहे.

एवढी चोख व्यवस्था असताना दाब चढून राहतो कसा? शंभरांतल्या बहुतेक रुग्णांत एकच एक कारण सापडत नाही. आनुवंशिकता, वय, वाढलेले वजन, मीठ, मद्य, बैठे जीवन, ताठर होत गेलेल्या धमन्या असे अनेक हात त्याला लागलेले असतात. आणि यातली खरी मेख अशी की मानेतल्या त्या पहारेकऱ्याला सवय होते. दाब सतत चढलेला राहिला तर काही दिवसांतच तो त्या वाढलेल्या दाबालाच नेहमीचा दाब समजू लागतो आणि तोच सांभाळत बसतो. वर्दी देणाऱ्याने वर्दी देणे सोडले, तर घरधन्याला कळणार कसे? आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच: रक्तदाब जाणवत नाही, तो मोजावा लागतो. सकाळी तिरुप्पालैत्तुरैच्या देवळाजवळचे विटांचे जुने धान्यकोठार आपण पाहिले. त्यात भात किती आहे हे बाहेरून भिंतीकडे पाहून कधी कोणाला सांगता आले नसेल. हेही तसेच आहे.

आपल्यापैकी अनेकांना शाळेचे एक जुने शिपाईमामा आठवत असतील. त्यांचे नाव मी घेत नाही. तीस वर्षांत त्यांच्या हातची घंटा एक मिनिटही पुढेमागे झाली नाही. सडसडीत बांधा, विडीचे व्यसन नाही, तीन मैल सायकलवरून येणे. कोणी तपासून घ्या म्हटले की ते हसत, “मला काय धाड भरली आहे?” डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती, धाप लागत नव्हती. एका सोमवारी प्रार्थनेच्या आधी त्यांच्या हातून घंटेचा टोल निसटून पडला. उजवा हात उचलेना, शब्द फुटेना. रुग्णालयात प्रथमच त्यांचा रक्तदाब मोजला गेला. ते वाचले, पण उजवा हात पुन्हा घंटेपर्यंत गेला नाही. त्यांच्या पत्नी नंतर कितीदा तरी म्हणत, “यांना काही होत नव्हतं हो.” त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. काही होत नव्हते, म्हणूनच कोणी मोजले नाही.

येथे एक सूचना करून ठेवते. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय गळून जाणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही अचानक घडले तर तेल चोळत किंवा साखरपाणी देत वेळ घालवू नये. पक्षाघातावर इलाज असलेल्या मोठ्या रुग्णालयात तत्काळ न्यावे. तेथे प्रत्येक मिनिटाला किंमत असते.

मोजण्याची युक्ती मनुष्याला फार उशिरा सापडली. इंग्लंडमधील स्टीफन हेल्स हे धर्मोपदेशक होते. 1733 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी एका घोडीवरचा प्रयोग वर्णिला आहे. तिच्या मांडीतील धमनीत पितळी नळी घालून तिला काचेची उंच नळी जोडली, तेव्हा रक्त 8 फूट 3 इंच चढले. माणसावर असे करणे शक्य नव्हते. 1828 साली फ्रान्समध्ये प्वासय यांनी मोजण्यासाठी पारा वापरला. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून जड, त्यामुळे उंच नळीची गरज उरली नाही. आपण 120 म्हणतो तो 120 मिलिमीटर पाऱ्याचा स्तंभ. तोच दाब पाण्याने मोजला तर स्तंभ पाच फुटांच्या वर, जवळजवळ माणसाएवढा होईल.

कातडीला न छेदता मोजण्याची सोय 1896 साली इटलीतील रिव्हा-रोच्ची यांनी केली. दंडाला हवेचा पट्टा बांधायचा, तो नाडी थांबेपर्यंत फुगवायचा, मग हवा सोडत जायची. नाडी पुन्हा लागली तो वरचा आकडा. खालचा आकडा मात्र त्यांना नीट मिळत नव्हता. 1905 साली रशियातील शल्यवैद्य कोरोटकॉव्ह यांनी पट्ट्याच्या खाली धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून कान दिला. धमनी पूर्ण दाबलेली असताना काही ऐकू येत नाही. दाब सोडता सोडता रक्त धडकत पुढे जाऊ लागले की ठक् ठक् असा आवाज सुरू होतो. धमनी मोकळी झाली की आवाज थांबतो. आवाज सुरू होतो तो हृदय आकुंचन पावतानाचा दाब, थांबतो तो हृदय विसावतानाचा. आज घराघरांत असलेले विजेरीवरचे यंत्र आवाज ऐकत नाही. पट्ट्यातील हवेची सूक्ष्म कंपने टिपून ते आकडे काढते. तत्त्व मात्र पट्ट्याचेच.

परंतु यंत्र चांगले असून भागत नाही. वर्गात वजनकाटा अचूक असला तरी मुलाने दप्तरासह त्यावर उभे राहू नये, तसे हे आहे. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू आणि दगदग टाळावी. फिल्टर कॉफीच्या या मुलखात हे सांगणे कठीण आहे, तरी सांगते. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा बाहीवर नव्हे, उघड्या दंडावर बांधावा. दंड हृदयाच्या पातळीवर टेबलावर टेकलेला असावा; हात चार इंच खाली लोंबत राहिला तर आकडा सात-आठाने फुगतो. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्यावा, कारण अपुरा पट्टा दाब खोटाच वाढवून दाखवतो. मोजताना बोलू नये, आणि मोजणाऱ्याशी तर मुळीच गप्पा मारू नयेत. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. पहिल्या खेपेस दोन्ही दंडांवर मोजून, जेथे आकडा जास्त येतो तो दंड पुढे कायम ठेवावा.

एका आकड्याने घाबरूही नये आणि निर्धास्तही होऊ नये. दवाखान्यात नीट मोजलेला दाब वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा त्याहून अधिक येत राहिला, तर त्याला सामान्यतः उच्च रक्तदाब म्हणतात. दोहोंपैकी एकच आकडा चढलेला असला तरी तो धरायचा. काहींचा दाब डॉक्टरांचा पांढरा कोट पाहून चढतो, काहींचा दवाखान्यात नेमस्त आणि घरी चढलेला असतो. म्हणून घरच्या नोंदींना महत्त्व आहे, आणि तेथे 135/85 ही मर्यादा धरतात. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी 21 टक्के आणि पुरुषांपैकी 24 टक्के यांचा दाब वाढलेला किंवा औषधावर असलेला आढळला. या सभागृहात आपण शंभर जण असू, तर हिशेब आपणच करावा.

निदान झाल्यावर उपाय आहे, ही आपल्या पिढीची भाग्याची गोष्ट. 12 एप्रिल 1945 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना मेंदूत रक्तस्राव झाला, तेव्हा त्यांचा दाब 300/190 होता. जगातल्या सर्वांत समर्थ राष्ट्राच्या प्रमुखालाही देण्याजोगी परिणामकारक गोळी त्या वेळी वैद्यांकडे नव्हती. त्यानंतर चारच वर्षांनी, 1949 साली, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात पद्धतशीर मांडला आणि आपल्या परंपरेतील ही मुळी जगाच्या वैद्यकात गेली. 1952 साली तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. 1957 साली डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे या औषधाने सुस्ती, मनाची उदासी असे त्रास होतात असे दिसले आणि अधिक सोयीची औषधे आल्यावर ते मागे पडले. या कथेतून दोन गोष्टी घ्याव्यात. परंपरेत मोल आहे, पण ते मोजून सिद्ध करावे लागते. आणि मुळी नैसर्गिक आहे म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. कोणी पुडी देऊ केली तर डॉक्टरांना दाखवल्यावाचून घेऊ नये.

गोळी सुरू झाल्यावर दाब उतरतो आणि मग मोठी चूक घडते. “आता नॉर्मल आला,” म्हणून माणूस गोळी सोडतो. आकडा नॉर्मल आला तो गोळीमुळे. चष्मा लावल्यावर अक्षरे दिसू लागली म्हणून आपण चष्मा फेकून देत नाही. गोळी कमी करायची असेल तर ती डॉक्टर कमी करतील.

उरला प्रश्न ताटाचा. 1930 साली राजाजींची मिठाची पदयात्रा तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमला गेली, ती याच तंजावर जिल्ह्यातून. ते मीठ स्वाभिमानाचे होते. आज मात्र मीठ आपल्यावर राज्य करते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे एका चमच्याहून कमी, मीठ खा असे सांगते. आपण त्याच्या दुपटीच्या आसपास खातो. इथले अप्पळम, वाळवलेल्या ताकातल्या मिरच्या आणि लोणचे, तिकडचे पापड, खारे शेंगदाणे आणि फरसाण. दोन्ही घरांची मीठदाणी सारखीच भरलेली. सणाला खावे; रोजच्या ताकभाताबरोबर नको. ताटात वरून मीठ वाढण्याची रीत बंद केली तरी पुष्कळ झाले. तिला रोज अर्धा तास चालण्याची जोड द्यावी, पोटाचा घेर आवरावा आणि तंबाखू सोडावी.

तमिळनाडूत 5 ऑगस्ट 2021 पासून ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ ही योजना सुरू आहे. नावाचा अर्थच ‘लोकांच्या शोधात निघालेले वैद्यक’. स्वयंसेविका दारी येऊन दाब आणि साखर तपासतात, गोळ्या पोचवतात. माझ्या माहेरच्या वहिनी-काकूंना माझे सांगणे आहे की ती मुलगी दारात आली तर “मला काही नाही” म्हणून तिला परत पाठवू नका. आधी दंड पुढे करा.

आता सरफोजीराजांकडे येते. 1798 ते 1832 या काळात तंजावरच्या गादीवर असलेल्या या राजाने धन्वंतरी महाल उभारला. तेथे निरनिराळ्या वैद्यकपद्धतींचा अभ्यास आणि औषधनिर्मिती होई. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महालात आजही जपलेल्या आहेत. रोगी कोण, डोळ्याची अवस्था काय, उपचार कोणता, गुण किती आला, हे त्यांनी लिहून ठेवविले. तंजावरच्या मराठ्यांचा मला सर्वांत मोठा वाटणारा वारसा हा लिहून ठेवण्याचा आहे. आपण त्या नोंदींचे कौतुक करतो, आणि स्वतःच्या शरीराची नोंद मात्र कोठेच नसते. एक साधी वही करावी. तारीख, वेळ, दोन आकडे, नाडीचे ठोके. डॉक्टरांकडे जाताना ती बरोबर न्यावी. दहा ओळींच्या त्या नोंदीतून डॉक्टरांना जे कळते, ते आपल्या तासाभराच्या बोलण्यातून कळत नाही.

हीरक महोत्सवानिमित्त शाळेनेही असाच एक निश्चय केला आहे. दर पालकसभेच्या दिवशी कार्यालयाशेजारच्या खोलीत तीन खुर्च्या, एक टेबल, प्रमाणित यंत्र, दोन मापांचे पट्टे आणि एक नोंदवही असेल. पालकांनी प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसायचे आणि आपला दाब मोजून घ्यायचा. शिक्षक, शिपाई, सफाई करणाऱ्या ताई, रिक्षावाले काका, कोणीही त्यातून सुटणार नाही. मोजणीचे काम शिकलेले माजी विद्यार्थी पाळीपाळीने करतील. ज्यांचा आकडा चढलेला येईल त्यांना डॉक्टरांकडे पाठवायचे, आणि ते गेले की नाहीत याची विचारपूस पुढच्या सभेत करायची.

त्या नोंदवहीतले पहिले पान आज येथेच भरायचे आहे. यंत्र मागच्या टेबलावर ठेवले आहे. कॉफी त्यानंतर मिळेल. ज्येष्ठांनी आधी यावे, आणि रांगेत कृपया बोलू नये. ही सूचना तुम्हांला शाळेपासून पाठ आहे.